तेल काळे का होते? मोटारसायकलच्या वंगणाचे विज्ञान

मोटारसायकलच्या इंजिनात ओतले जाणारे तेल मधासारखे सोनेरी आणि आरपार दिसणारे असते. तेच तेल काही हजार किलोमीटरनंतर इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढून खाली सोडले की काजळासारखे काळे होऊन बाहेर पडते. इंजिन निरोगी असेल तर जेवढे ओतले होते जवळजवळ तेवढेच परत मिळते. पेट्रोल जळून जाते म्हणून ते पुन्हा भरावे लागते, हे सहज पटते. परंतु जे संपलेलेच नाही ते काढून का टाकायचे, आणि जे अजूनही बोटांना बुळबुळीत लागते ते निकामी कसे ठरते, हा प्रश्न बहुतेक गाडीमालकांच्या मनात येतो आणि उत्तराविनाच राहतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, तेलाचे माप टिकून राहिले तरी त्याची काम करण्याची क्षमता खर्च होत जाते, आणि ही क्षमता कोणत्या कामांत खर्च होते हे समजले म्हणजे तेल बदलण्याच्या साध्या वाटणाऱ्या कृतीतील प्रत्येक पायरीचा अर्थ उलगडतो.

दोन धातूंमधली तेलाची चादर

डोळ्यांना आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांच्या मुलखासारखा खडबडीत असतो, आणि असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून सरकवले की त्यांची उंच टोके एकमेकांत अडकतात, तापतात, तुटतात आणि प्रसंगी वितळून एकमेकांना चिकटतातही. या अडथळ्याला घर्षण आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीला झीज म्हणतात. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते आणि आस झिजतो, हे खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारसायकलमध्ये हाच प्रश्न कितीतरी पटींनी तीव्र होतो. हिरो स्प्लेंडरसारख्या परिचित गाडीच्या इंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, सुमारे ४९.५ मिलिमीटर अंतर वर-खाली करत असतो. या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर दट्ट्या दर सेकंदाला सुमारे १६६ वेळा थांबून दिशा बदलतो, आणि इतके थांबूनही त्याचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास भरतो.

अशा वेगात धातू धातूला घासू नये म्हणून मध्ये तेलाची चादर लागते. ही चादर केवळ तेल लावल्याने टिकत नाही, तर फिरण्याच्या क्रियेतूनच तिला बळ मिळते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघड झाले. बीचम टॉवर या इंग्लिश अभियंत्याने १८८३ मध्ये रेल्वेच्या आसावरील बेअरिंगसारख्या रचनेवर प्रयोग केले, तेव्हा बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊन वाहू लागले, आणि ते थांबवण्यासाठी बसवलेली लाकडी खुंटी आतील दाबाने पुन्हापुन्हा बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्या कोंडलेल्या तेलाचा दाब वरचा सारा भार उचलून धरतो, हे त्या खुंटीने दाखवून दिले. त्याची गणिती मांडणी ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये केली. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावरून वेगाने जाणारे चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागते, त्यातील तत्त्व हेच आहे. रस्त्यावर जो धोका ठरतो तोच इंजिनात आधार ठरतो.

या चादरीची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते, आणि ती टिकण्यासाठी पुरेसा वेग व योग्य दाटपणा या दोन्ही गोष्टी लागतात. दट्ट्या वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा वेग शून्य झाल्याने चादर विरळ होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करतानाही, बरेचसे तेल निथळून तळाशी गेलेले असल्याने, पहिले काही क्षण वरचे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात. म्हणूनच सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर पिळून इंजिन गर्जवणे हे त्याला सर्वांत अपायकारक असते.

एकच तेल, अनेक कामे

राजदूत, यामाहा आरएक्स १०० यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये तेल पेट्रोलबरोबर सिलिंडरपर्यंत जाई, तेथे वंगणाचे काम करी आणि जळून निळसर धुराच्या रूपाने बाहेर पडे. त्यामुळे इंजिनाचे तेल बदलण्याचा प्रश्न तेथे नव्हता, ते फक्त भरत राहावे लागे, आणि गिअरपेटीचे तेल वेगळे असे. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी साठवले जाते, तेथून पंप ते वर चढवतो आणि सर्व भागांना भिजवून ते गुरुत्वाकर्षणाने पुन्हा तळाशी येते. एकच तेल हजारो वेळा हीच प्रदक्षिणा करते, आणि प्रत्येक फेरीत वाटेतला कचरा व उष्णता स्वतःत घेऊन येते.

मोटारगाडी आणि मोटारसायकल यांतील एक महत्त्वाचा भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. हाताने गिअर बदलण्याच्या सर्वसाधारण मोटारगाडीत इंजिनाचे तेल, गिअरपेटीचे तेल आणि कोरडा क्लच अशी वेगवेगळी व्यवस्था असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघेही एकाच तेलात नांदतात, आणि ते तेल लहान इंजिनांत जेमतेम एक लिटर असते. या लिटरभर तेलाला दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातील घर्षण कमी करावे लागते, दट्ट्याच्या खालच्या बाजूची उष्णता बाहेर वाहून न्यावी लागते, दट्ट्याभोवतीच्या रिंगांतील बारीक फटी बुजवून वायूची गळती रोखावी लागते, काजळी धुऊन काढावी लागते, धातूला गंजापासून वाचवावे लागते, गिअरच्या दात्यांमधील प्रचंड दाब सोसावा लागतो आणि तरीही क्लचच्या प्लेटा एकमेकींवरून घसरू द्यायच्या नसतात. घसरण हवी आणि नकोही, अशा परस्परविरोधी मागण्या एकाच द्रवाकडून केल्या जात असल्याने मोटारसायकलसाठी वेगळे तेल बनवावे लागते.

डब्यावरच्या अक्षरांचा अर्थ

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता, म्हणजे साध्या शब्दांत दाटपणा, म्हणतात. पाणी चटकन वाहते आणि काकवी रेंगाळते, याचे कारण काकवीची श्यानता जास्त असते. तूप थंडीत थिजते आणि तापवल्यावर पाण्यासारखे पातळ होते, तसेच तेलही उष्णतेने पातळ होते, आणि इंजिनापुढची अडचण नेमकी हीच आहे: सकाळी ते चटकन वर चढावे म्हणून पातळ हवे, तर तापलेल्या इंजिनात चादर फाटू नये म्हणून पुरेसे दाट हवे.

या दोन अवस्थांची नोंद डब्यावरील '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' अशा खुणेत असते. ही प्रतवारी अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेची असून 'एसएई' ही तिच्या नावाची आद्याक्षरे होत. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वाहतेपणा दाखवतो आणि तो जितका लहान तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला असणारा दाटपणा दाखवतो. सेंटिस्टोक या मापात २० अंशांच्या पाण्याची श्यानता सुमारे १ धरली, तर ३० क्रमांकाच्या तेलाची १०० अंशांवरील श्यानता ९.३ ते १२.५ आणि ५० क्रमांकाच्या तेलाची १६.३ ते २१.९ या मर्यादांत असावी लागते. चालू इंजिनातील तेल नागपूरच्या उन्हाळ्यात असो वा महाबळेश्वरच्या हिवाळ्यात, शंभर अंशांच्या आसपास तापतच असते. म्हणून 'आपल्याकडे ऊन जास्त, तेव्हा दाट तेल चांगले' हा समज सरसकट खरा ठरत नाही. इंजिनातील फटी आणि पंप ज्या दाटपणासाठी घडवलेले असतात त्याहून दाट तेल घातल्यास ते उशिरा पोहोचते आणि ढवळण्यातच शक्ती खर्च होते. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालणे हा त्यामुळे उपकार ठरत नाही.

दुसरी खूण 'एपीआय' या आद्याक्षरांची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची असते. पेट्रोल इंजिनांच्या तेलासाठी 'एस' या अक्षरापुढे आणखी एक अक्षर येते आणि ते वर्णमालेत जितके पुढचे तितकी कसोटी नवी. 'एसएल' ही २००१ ची, 'एसएन' ही २०१० ची आणि 'एसपी' ही २०२० ची प्रत आहे. तिसरी खूण 'जासो', म्हणजे जपानी वाहन मानक संघटनेची असून मोटारसायकलसाठी ती अत्यंत महत्त्वाची आहे. मोटारगाड्यांच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती तेलात बुडालेल्या क्लचला निसरडे करतात, आणि मग इंजिन जोरात फिरूनही गाडी त्या मानाने वेग घेत नाही. 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशी खूण असलेले तेल क्लचची पकड राखते, तर 'एमबी' हे कोरडा क्लच असणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते.

तेल थकते कसे?

डब्यातील द्रव म्हणजे नुसते तेल नसते. मूळ तेलात अनेक पूरक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि खरोखर खर्च होतात ती मुख्यतः हीच. त्यांचा खर्च कोणकोणत्या वाटांनी होतो हे क्रमाने पाहता येते.

पहिली वाट काजळीची. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळताना वायूंचे तापमान २००० अंशांहूनही वर जाते, आणि रिंगा कितीही घट्ट असल्या तरी त्या वायूंचा थोडा अंश फटींतून खाली तेलात शिरतो. त्यातील काजळीचे कण एकमेकांना चिकटून गाळ बनू नये म्हणून तेलात विखुरणारी द्रव्ये घातलेली असतात. ती प्रत्येक कणाला वेढून त्याला तरंगत ठेवतात. साबणाच्या पाण्यात मळका कपडा घुसळला की पाणी गढूळ होते आणि ते गढूळ झाले म्हणजेच कपडा स्वच्छ होत आहे असे समजावे, तसाच तेलाचा काळेपणा हा ते आपले काम करत असल्याचा पुरावा आहे. केवळ रंगावरून तेल संपले असे ठरवता येत नाही. मात्र साबणाच्या पाण्यालाही मर्यादा असते; एका बादलीत कितीही कपडे धुता येत नाहीत, तशी विखुरणारी द्रव्ये पुरून उरेनाशी झाली की गाळ बसू लागतो.

दुसरी वाट पाण्याची आणि आम्लांची. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी होईल एवढी वाफ तयार होते, आणि तिचा काही भाग तेलापर्यंत पोहोचतो. लांबच्या प्रवासात तापलेले तेल हे पाणी पुन्हा उडवून लावते. पण घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत अशा लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, पाणी तेलातच साचते आणि ज्वलनातून आलेल्या वायूंशी मिळून आम्ले बनवते. त्यांचा उतारा म्हणून तेलात अल्कधर्मी, म्हणजे आम्लाचा प्रभाव नाहीसा करणारी, द्रव्ये असतात. आंबट झालेल्या पदार्थात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यावर तो फसफसून आंबटपणा मारतो आणि त्यातच स्वतः संपतो, तशी ही द्रव्येही आम्ल मारता मारता संपतात. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर पुरे झाले नसले तरी वर्षातून एकदा बदलावे असे सांगितले जाते, ते यामुळेच.

तिसरी वाट उष्णतेची. एकाच कढईतील तेलात पुन्हापुन्हा भजी तळली की ते गडद, दाट आणि चिकट होते. तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, त्याचा हा परिणाम असून त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग साधारणतः दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. हवेवर थंड होणारे इंजिन पुण्या-मुंबईच्या वाहनकोंडीत वारा न लागता धडधडत राहते तेव्हा ते किलोमीटर न मोजता तेल म्हातारे करत असते.

चौथी वाट मोटारसायकलची खास आहे. १०डब्ल्यू-३० सारख्या तेलाचा दाटपणा उष्णतेतही टिकावा म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. थंडीत ते सुताच्या गुंडीसारखे गुंडाळलेले राहतात आणि उष्णतेत उलगडून तेलाच्या वाहण्याला विरोध करतात. गिअरचे दाते एकमेकांत रुततात तेव्हा या साखळ्या कात्रीत सापडल्यासारख्या तुटतात, आणि तेल हळूहळू ठरल्यापेक्षा पातळ होते. मोटारगाडीत इंजिनाच्या तेलाला गिअरपेटीतून जावे लागत नाही. मोटारसायकलचे तेल तुलनेने लवकर थकते, याचे हे एक मोठे कारण आहे.

याखेरीज झीज रोखणारी जस्त आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये, जी चादर विरळ होते त्या ठिकाणी धातूवर बळी जाणारा पातळ थर चढवतात, तीही क्रमाने खर्ची पडतात. थोडक्यात, तेल हा इंजिनातील घाण, आम्ल, उष्णता आणि दाब यांचा मार स्वतःवर घेणारा घटक आहे, आणि तो मार झेलण्याची ताकद संपल्यावर धातूला झेलावा लागू नये, एवढ्यासाठीच ते बदलायचे असते.

गाळण्याचे तीन प्रकार

तेलातील मोठे कण पंपाआधी तारेच्या जाळीत अडकतात. अनेक लहान इंजिनांत त्यापुढे क्रँकशाफ्टच्या टोकाला फिरणारी एक वाटी असते. दूध डेअरीत मलई वेगळी करणाऱ्या यंत्रात जड भाग बाहेरच्या कडेला फेकला जातो, तसे या वाटीत तेलातील जड कण कडेला जाऊन थापले जातात, आणि इंजिन उघडून ती वाटी साफ करावी लागते. अनेक गाड्यांत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी असते. ती धुऊन पुन्हा वापरायची नसते, ठरलेल्या अंतरानंतर बदलायची असते. तेलात विरघळलेले आम्ल वा इंधन यांपैकी कोणतीही गाळणी काढू शकत नाही, म्हणून गाळणी कितीही चांगली असली तरी तेलाची बदली टळत नाही.

बदलण्याची कृती आणि प्रत्येक पायरीचे कारण

किती अंतरानंतर तेल बदलावे, हे त्या गाडीच्या पुस्तिकेवर सोपवावे. गाडीगणिक हा आकडा जवळपास तीन हजार किलोमीटरपासून दहा हजारांपर्यंत बदलतो. नव्या गाडीची पहिली बदली मात्र लवकर, ५०० ते १००० किलोमीटरच्या आसपास केली जाते, कारण नवे भाग एकमेकांशी जुळवून घेताना धातूचे बारीक कण तेलात उतरतात.

काम सुरू करण्याआधी इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवावे. कोमट तेल पातळ होऊन पूर्ण निथळते आणि तळाशी बसू पाहणारे कण त्याच्यातच तरंगत बाहेर जातात. लांबचा प्रवास करून आल्याआल्या मात्र बोल्ट काढू नये, कारण तेव्हाच्या तेलाने आणि सायलेन्सरने गंभीर भाजू शकते. गाडी सपाट जमिनीवर, पुस्तिकेत वेगळे सांगितले नसल्यास मधल्या स्टँडवर उभी करावी. साइड स्टँडवर ती कलते आणि एका कोपऱ्यात तेल अडून राहते.

तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण आधी सैल करावे. पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते आणि समोर दुसरे भोक पाडले की धार लागते, तेच तत्त्व येथे लागू पडते. त्यानंतर खाली पसरट भांडे ठेवून तळाचा बोल्ट योग्य मापाच्या पान्याने सोडवावा. हा बोल्ट खालच्या बाजूने पाहिला असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. वरून वाकून पान्याला हात घालणाऱ्याची दिशा येथे चुकते आणि सोडवण्याऐवजी बोल्ट आवळला जातो. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा खोका ॲल्युमिनियमचा असल्याने अशा चुकीत हार मानतात ते खोक्याचे आटे. आटे गेले की लहानसे काम मोठ्या दुरुस्तीत बदलते.

बोल्ट काढल्यावर तेल पाच-दहा मिनिटे, थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावे. या वेळात गाळणी असेल तर ती काढावी, नव्या रबरी कड्याला ताजे तेल लावावे म्हणजे ते बसवताना पिळवटत नाही, आणि गाळणीची बाजू उलटी होणार नाही याची खात्री करावी, कारण उलटी बसलेली गाळणी तेलाची वाटच अडवू शकते. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन खंगाळण्याची पद्धत टाळावी. त्याचा आत राहिलेला अंश नव्या तेलाला पहिल्या दिवसापासून पातळ करतो.

बोल्टखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर हे मुद्दाम मऊ ठेवलेले असते. ते आवळताना चेपून बोल्ट आणि खोका यांच्यातील सूक्ष्म उंचसखलपणा भरून काढते आणि त्यामुळेच गळती थांबते. एकदा चेपलेले वायसर दुसऱ्यांदा तितके चेपत नाही, म्हणून ते दर वेळी नवे घालावे. बोल्ट प्रथम बोटांनी फिरवून आटे सरळ धरल्याची खात्री करावी आणि मगच पान्याने पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा. शक्यतो त्यासाठी जोर मोजणारा टॉर्क पाना वापरावा.

नवे तेल नरसाळ्याने, ठरलेल्या मापापेक्षा किंचित कमी ओतावे. पुस्तिकेत बदलीचे माप आणि पूर्ण मोकळ्या इंजिनाचे माप असे दोन आकडे आढळतात. कितीही निथळले तरी थोडे जुने तेल कोनाकोपऱ्यांत राहतेच, म्हणून बदलीचे माप कमी असते आणि तेच वापरायचे असते.

पातळी: कमीही नको, जास्तही नको

झाकण लावून इंजिन दोन-तीन मिनिटे संथ चालवावे, म्हणजे गाळणी आणि नळ्या तेलाने भरतात. मग ते बंद करून तितकाच वेळ थांबावे, म्हणजे वर गेलेले तेल तळाशी परत येते. त्यानंतर गाडी सरळ उभी ठेवून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची कांडी, पुसून आत घालावी; काही गाड्यांत ती आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते, तर काहींत कांडीऐवजी काचेची खिडकी असते. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे.

तेल कमी असेल तर वळणावर वा चढावर पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि चादर तुटते. जास्त असेल तर फिरणारे भाग त्यात बुडून रवीसारखे ते घुसळतात, फेस होतो, फेसातील हवा भार उचलू शकत नाही, आणि वाढलेल्या दाबाने तेल सीलमधून किंवा हवेच्या गाळणीच्या दिशेने बाहेर पडू लागते. म्हणूनच 'थोडे जास्त असलेले बरे' हा नियम येथे चालत नाही.

चौकट: थोडक्यात

- काळा रंग म्हणजे बिघाड नव्हे. तेल काजळी स्वतःत सामावून घेत असल्याची ती खूण आहे.
- पुस्तिकेतील अंतर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे.
- डब्यावर एसएई, एपीआय आणि जासो या तिन्ही खुणा पाहाव्यात. गिअर आणि ओला क्लच असलेल्या गाडीला 'एमए' किंवा 'एमए२' हवे.
- तेल कोमट असताना, गाडी सरळ उभी करून काढावे.
- वायसर नवे, बोल्ट आधी बोटांनी, मग मोजक्या जोराने.
- इंजिन चालवून, थांबून, मगच पातळी पाहावी.
- दोन बदल्यांच्या मध्येही पातळी अधूनमधून तपासावी.

बाहेर पडलेले तेल काय सांगते?

भांड्यात जमलेले तेल टाकण्याआधी नीट पाहिले तर ते इंजिनाच्या प्रकृतीचा अहवालच असते. काळे पण एकसारखे तेल नेहमीचे समजावे. दुधाचा चहा दिसावा तसा फिकट गढूळ रंग आला असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत असे घडते, आणि मग अंतराचा विचार न करता तेल तातडीने बदलावे लागते. पेट्रोलचा उग्र वास येणे हे न जळलेले इंधन खाली उतरत असल्याचे लक्षण आहे. उन्हात धरल्यावर तेलात चांदीसारखी चमक दिसली, किंवा जाळीत धातूचे कपचे सापडले, तर कोठेतरी झीज वाढली आहे. ओतल्यापेक्षा बरेच कमी तेल बाहेर आले आणि धुराला निळसर छटा असेल, तर ते रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून सिलिंडरमध्ये शिरून जळत आहे.

जळक्या तेलाची जबाबदारी

गॅरेजच्या भाषेत या काळ्या द्रवाला 'जळके ऑइल' म्हणतात, आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, बांधकामाच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावण्यासाठी किंवा नुसते गटारात ओतून ते संपवले जाते. त्यातील झिजलेल्या धातूंचे कण आणि काही कर्ककारक हायड्रोकार्बन मात्र संपत नाहीत; ते मातीत मुरतात आणि विहिरींपर्यंत पोहोचतात. मोटारगाडीच्या एका बदलीतील तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. त्वचेशी वारंवार संपर्क येऊ नये म्हणून हे काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि जनावरांच्या जखमांवर हे तेल लावण्याची सवयही सोडून द्यावी.

भारतात वापरलेल्या तेलाची विल्हेवाट २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर त्याच्या पुनर्वापराची वाढीव जबाबदारी टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या रिकाम्या डब्यात भरून, पाणी वा पेट्रोल न मिसळता, वापरलेले तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या सेवा केंद्रात द्यावे. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यांत काजळी, पाणी आणि थकलेली पूरक द्रव्ये वेगळी केली जातात आणि उरलेले मूळ तेल पुन्हा वंगण बनवण्यास योग्य होते. तेलाचा मूळ भाग इतका मार खाऊनही बव्हंशी शाबूत असतो, म्हणूनच हे शक्य होते. सोनेरी तेल काळे होऊन बाहेर आले तेव्हा त्यातून खर्ची पडली होती ती पूरक द्रव्यांची ताकद, आणि तीच नव्याने मिळाली की तोच द्रव पुन्हा एखाद्या इंजिनात चादर बनून पसरू शकतो.